चिंचेखाली, सांबरा

जावई फोनवर म्हणाला, मोबाईलमध्ये दाखवतंय,
वेळेवर आहे.
मी समोर बघत होते :
सामानाचा पट्टा थांबलेला,
त्यावर कुणाची तरी एकच काळी छत्री,
आणि काचेपलीकडे उन्हात
रिकामी धावपट्टी,
ताणा न भरलेल्या मागासारखी.

काउंटरवरची पोरगी हळू आवाजात,
"आगल्ला री अम्मा, नाळे नोडोण."
उद्या बघू म्हणे.
उद्या साडेदहाला यशवंतपुरात अक्षता,
आणि नवरीचा शालू माझ्या मांडीवर.

मोठ्या बॅगेत टाकला नव्हता, ते बरं.
सीमेवरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.
बंद पुकारला की आम्ही
एका राज्याच्या एस्टीतून कागलला उतरायचो,
दूधगंगेचा पूल चालत,
कोगनोळीच्या नाक्यावर दुसऱ्या राज्याची गाडी.
पाट्यांची अक्षरं बदलायची,
पायातली चप्पल तीच.
तेव्हापासून अंगवळणी पडलंय :
मोलाचं ते काखेत,
गोळ्या कनवटीला,
भाकरी एका वेळेची नाही, दोन वेळेची,
आणि पुढच्या गाडीची वेळ
निघायच्या आधीच विचारलेली.

रात्री नऊची बेंगळूर गाडी. वेटिंग एकोणचाळीस.
परवाच काढून ठेवलं होतं,
वडगावात पिठाच्या गिरणीत
संपाची कुजबुज ऐकली तेव्हा.
जावयाला बोलले नाही. हसला असता.

बाहेर आले तर चिंचेखाली ते बसलेले,
वीस-बावीस जण,
पिवळी जाकिटं उलटी करून घातलेली.
एक घोषणा मराठीत, एक कन्नडात,
मध्येच कुणाला तरी ठसका.
त्यांच्यात सातेरी. मुतग्याच्या भरमाचा.
त्याचा बाप माझ्या शेजारच्या मागावर होता,
धोटा अडकला की देवाला शिव्या घालायचा
आणि सुटला की देवालाच बिडी ओवाळायचा.

"मावशी, तू काय गा हितं?
बॅग मीच उचललो असतो की तुझी.
आज नाही."
मी चिडूनच विचारलं, किती राहिलाय पगार?
त्यानं चार बोटं वर केली.
महिने.

मग जीभ आत घेतली मी.
मजुरी कापली त्या साली
आमच्या गल्लीत पहिलं कुलूप मीच घातलं होतं,
सतरा दिवस,
आणि कुणाच्या तरी लग्नाचा शालू
पदराशी येऊन मागावरच राहिला होता.
कुणाचा, ते कधी विचारलं नाही.
आज, चिंचेच्या सावलीत उभी राहून,
पहिल्यांदा मनात आलं :
त्या पोरीनं काय नेसलं असेल?

सातेरीनं कुणाला तरी हाक मारली, "ईरण्णाऽ, गाडी तिरगसू!"
कोथिंबिरीचा रिकामा टेम्पो वळून आला.
आणि मी काही म्हणायच्या आत
त्यानं माझी बॅग उचलली,
खांद्यावर घेतली,
क्रेटच्या मध्ये नीट आडवी ठेवली,
चाकं वर, मूठ आत,
जशी विमानाच्या पोटात ठेवतात तशी.
"हे संपात मोडत नाही,"
आपल्या लोकांकडे बघत म्हणाला,
"गेटाच्या आत नाही हे."
एक जण हसला. एक जण हसला नाही.

टेम्पो मुतग्याच्या पुढं आला तेव्हा
शालूच्या पेटीवर एक हिरवं पान चिकटलेलं.
फोन वाजला. जावई.
"अत्ती, आत्ता दाखवतंय, विमान उडालं!
खिडकीची मिळाली का?"

मिळाली की, म्हटलं.
खिडकीला काच नाही,
वारा आहे भरपूर.
हळद थांबवू नका म्हणावं,
आणि ते मोबाईलमधलं सोड,
वेटिंग कितीवर आलंय
तेवढं बघून सांग.